कात्रज ते सिंहगड, जूनच्या पहिल्या रविवारी

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही पुण्यात धनकवडीला राहतो. मी ४३ वर्षांची, यजमान ४८ वर्षांचे, मुलगी नुकतीच दहावीच्या परीक्षेतून मोकळी झालेली आणि माझा धाकटा भाऊ असे आम्ही चौघे जूनच्या पहिल्या रविवारी कात्रज ते सिंहगड ही डोंगरधार दिवसा चालून जाण्याचा बेत करीत आहोत. ही वाट बहुतेक लोक रात्री करतात हे आम्हाला ठाऊक आहे, पण अंधारातले उतार आम्हाला नको आहेत. यजमान म्हणतात की महिन्यातून दोनदा आपण सिंहगड चढतो, तेव्हा हेही सहज जमेल. नाश्ता करून नऊला निघू, पहिला पाऊस अंगावर घेऊ आणि संध्याकाळी गडावर पिठले-भाकरी खाऊ. भावाने मोबाइलमध्ये वाटेचा नकाशा उतरवून घेतला आहे. सासरे मात्र म्हणाले, ‘रोहिण्या चालू असताना डोंगराच्या माथ्यावर कसले जाता?’ त्यांचे बोलणे आम्ही हसण्यावारी नेले, पण आता माझ्याच मनात धाकधूक सुरू झाली आहे. जावे का, गेल्यास काय काळजी घ्यावी आणि वाटेत पाऊस लागला तर मागे फिरावे की पुढे जावे, हे कृपया सांगावे.

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रात सासऱ्यांच्या वाट्याला एकच वाक्य आले आहे आणि माझ्या मते सबंध पत्रात तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. मी त्याचा अर्थ ‘जाऊ नका’ असा घेत नाही, पण ‘नऊला निघू नका’ असा मात्र निश्चित घेतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात उघड्या डोंगरधारेवर सकाळी असणे आणि दुपारी असणे यांत फार मोठे अंतर आहे. आपल्या बेतात नेमकी दुपारच धारेच्या मध्यावर येते.

रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागते आणि ७ किंवा ८ जूनला मृग सुरू होते. या दिवसांत पुण्याच्या बाजूला जो पाऊस पडतो तो बहुधा वळवाचा असतो. सकाळी आभाळ निरभ्र असते, दहा-अकरापर्यंत जमीन तापते, अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा त्या तापलेल्या जमिनीवरून वर चढते आणि दुपारी दोन-अडीचनंतर पाहता पाहता ढगांचे उंच मनोरे उभे राहतात. हा पाऊस येतो तोच वारा, गडगडाट आणि विजा घेऊन, कधी गारांसह. पुढे मोसमी पाऊस स्थिरावला, म्हणजे दिवसभर एकसुरी पिरपिर सुरू झाली, की सह्याद्रीत विजांचे प्रमाण बरेच उतरते. मग ते पुन्हा वाढते ते सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या परतीच्या पावसात. म्हणून ‘अजून खरा पावसाळा कुठे सुरू झालाय, आताच जाऊन येऊ’ हा युक्तिवाद धारेच्या बाबतीत उलटा पडतो. ज्या दिवसांत निसरडे कमी असते, त्याच दिवसांत विजेचे भय सर्वांत अधिक असते.

यात भर म्हणजे दिनदर्शिकेवरून काही ठरविता येत नाही. मोसमी पाऊस केरळात १ जूनला आणि पुण्यात त्यानंतर आठ-दहा दिवसांनी येतो हे सर्वसाधारण वेळापत्रक झाले. २०२५ मध्ये तो केरळात २४ मेला आणि मुंबईत २६ मेलाच दाखल झाला. आपला रविवार वळवात पडेल, पावसाच्या पहिल्या जोरात पडेल की कोरड्या उन्हात, हे तीन-चार दिवस आधीच कळेल आणि त्यातलेही शेवटचे उत्तर त्या दिवशी सकाळी आभाळच देईल. रविवारचा बेत शनिवारी रात्री रद्द करण्याची मनाची तयारी ठेवूनच तो आखावा.

आता वाटेविषयी लिहितो, कारण यजमानांचा आत्मविश्वास ज्यावर उभा आहे ते सिंहगडाचे मोजमाप येथे लागू होत नाही. सिंहगडाची नेहमीची चढाई म्हणजे एक चढ आणि एक उतार. वाट मळलेली, माणसांचा राबता सतत, ताक आणि लिंबू-सरबत हाताशी. कात्रजच्या जुन्या बोगद्याजवळून वर चढून भुलेश्वर रांगेच्या माथ्यावरून पश्चिमेकडे सिंहगडापर्यंत जाणारी ही धार सुमारे १६ किलोमीटर भरते. चालणारे लोक तीत तेरा टेकड्या मोजतात. आकड्याबद्दल वाद घालणारेही भेटतात, परंतु पायांना सगळ्या सारख्याच मोजाव्या लागतात. प्रत्येक टेकडी चढायची, पलीकडच्या खिंडीत उतरायचे आणि पुन्हा चढायचे. गुडघ्यांची परीक्षा होते ती चढांत नव्हे, मधल्या त्या आखूड आणि तीव्र उतारांत. सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा दुसऱ्या-तिसऱ्या टेकडीपासूनच समोर दिसू लागतो आणि तासन्‌तास तेवढाच दूर दिसत राहतो, हा या वाटेचा एक खास छळ आहे. सावली जवळजवळ नाही आणि माथ्यावर भरवशाचे पाणी कोठेही नाही. उत्तरेला पुणे शहर आणि खडकवासल्याचे पाणी, दक्षिणेला शिवगंगेचे खोरे आणि साताऱ्याचा महामार्ग सतत दिसत असल्याने आपण वस्तीच्या अगदी जवळ आहोत असे वाटते. नजरेला जवळ असलेली ती वस्ती पायांना चांगली तास-दीड तास लांब असते.

शाइस्तेखानावरच्या १६६३ च्या छाप्यानंतर पाठलागावर निघालेल्या फौजेला चकवण्यासाठी याच कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून पिटाळले आणि महाराज सिंहगडाकडे निघून गेले, अशी कथा आपण शाळेत ऐकलेली असेल. पौर्णिमेच्या आसपास रात्री शहरातून या धारेकडे पाहिले की विजेऱ्यांची रांग हलताना दिसते आणि ती कथा हमखास आठवते. रात्री जाण्यामागचे खरे कारण मात्र साधे आहे. ऊन टळते. दिवसा जाणाऱ्याला ते ऊन टाळण्याचा एकच उपाय उरतो, तो म्हणजे पहाटे निघणे.

मी हे अनुभवावरून लिहीत आहे आणि तो अनुभव फारसा अभिमानास्पद नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी जूनच्याच आरंभी आम्ही पाच जण याच धारेवर होतो. निघायलाच दहा वाजले होते, कारण आमच्यातल्या एकाची वाट पाहण्यात दोन तास गेले आणि ‘आता आलोच आहोत तर’ असे म्हणून आम्ही चढलो. दुपारी अडीचच्या सुमारास निम्म्याहून थोडे पुढे असताना नैर्ऋत्येला आभाळ काळेभोर झाले. पहिला गडगडाट ऐकला तेव्हा आम्ही एका खिंडीत होतो आणि डाव्या हाताला खाली जाणारी चांगली मळलेली वाट समोर दिसत होती. ती सोडून आम्ही पुढची टेकडी चढू लागलो, कारण मनोरा आता खरोखर जवळ आला होता. टेकडीच्या माथ्यावर असताना पुढच्याच टेकडीवर वीज पडली. उजेड आणि आवाज यांत मोजण्याइतके अंतरच नव्हते. मग जे धावलो ते घसाऱ्यावरून, हातापायाला धरायला काही नसताना, कुठे उतरतो आहोत हे न पाहता. एकाचा घोटा मुरगळला, एकाच्या तळहातांची साले निघाली आणि गारांच्या माऱ्यात तासभर एका आडव्या उतारावर बसून काढला. आम्हा सर्वांना पाऊस येणार हे दिसत होते. चूक इतकीच झाली की ‘पुढे की मागे’ असा वाद घालण्यात आम्ही ती डावीकडची वाट विचारातच घेतली नाही.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्या खिंडीत आहे. गडगडाट ऐकू आल्यावर मागे फिरणे म्हणजेही धारच, पुढे जाणे म्हणजेही धारच. सुटका असते ती बाजूला आणि खाली. ही खालची दिशा ऐन वेळी शोधायची नसते, कारण आडवाटेने मुरमाड उतारावर शिरले की विजेऐवजी दुसराच अपघात होतो. म्हणून आपल्या भावाला सांगावे की नुसती कात्रज ते सिंहगड ही रेघ मोबाइलमध्ये असून भागणार नाही. कोणत्या खिंडीतून कोणत्या गावाकडे मळलेली वाट उतरते याच्या खुणा त्याने त्याच नकाशावर आधीच करून ठेवाव्यात. सुरुवातीच्या टप्प्यात उत्तरेला जांभूळवाडी-कोळेवाडीची बाजू आहे, दक्षिणेला शिवापूर-रांझ्याचे खोरे आहे, शेवटच्या टप्प्यात उत्तरेला डोणजे आणि दक्षिणेला कोंढणपूर-कल्याण. ही धार अलीकडे करून आलेल्या एखाद्या जाणत्या माणसाबरोबर तासभर बसून या उतरत्या वाटा एकेक विचारून घ्याव्यात, कारण पायथ्याकडून डोंगर फोडून नवे रस्ते आणि प्लॉट पाडण्याचे काम चालू असल्याने जुन्या वाटा कोठे तुटल्या आहेत हे नकाशाला कळत नाही. डोंगर फोडल्याचा परिणाम पाण्यावरही होतो. ६ जून २०१३ रोजी बोगद्यापलीकडे शिंदेवाडीजवळ महामार्गावर अचानक आलेल्या लोंढ्यात मायलेकी वाहून गेल्या, तेव्हा ओढ्याची नैसर्गिक वाट डोंगरफोडीने अडली होती हे पुढे आले. तारीख पाहावी, जूनचा पहिलाच आठवडा होता. खाली उतरताना ओढ्याच्या किंवा नाळेच्या पात्रातून उतरू नये, हे त्यामुळे वेगळे सांगावेसे वाटते.

विजेसंबंधी नियम थोडे आहेत, पण ते चौघांनाही पाठ असावेत. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे साधारण ३ सेकंदांना १ किलोमीटर. मोजणी ३० च्या आत आली तर वादळ १० किलोमीटरच्या आत आहे आणि आपण माथा सोडलेला असायला हवा. उघड्या धारेवर मी तर याहून कडक नियम पाळतो : गडगडाट कानावर आला की उतरायला लागायचे, मोजणी वाटेत करायची. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास पुन्हा माथ्यावर यायचे नाही, मग कितीही छान ऊन पडलेले असो. उतरणे शक्यच नसेल तर निदान माथ्यापासून उताराला खाली सरकावे. एकट्या झाडाखाली, मोठ्या शिळेला टेकून किंवा उथळ कपारीच्या तोंडाशी बसू नये. कपारीत पाऊस लागत नाही, पण जमिनीतून येणारा विजेचा प्रवाह कपारीच्या तोंडाशी बसलेल्या माणसातूनच झेप घेऊ शकतो. पाठपिशवीवर, दोन्ही पाय एकमेकांना चिकटवून, गुडघे पोटाशी घेऊन बसावे, आडवे पडू नये. आणि सर्वांत अवघड म्हणजे मुलीला जवळ घेऊन बसण्याचा मोह आवरावा. चौघांनी एकमेकांपासून १५-२० मीटर अंतर ठेवले तर दुर्दैवाने एकाला धक्का बसला तरी इतर तिघे त्याला मदत करायला शिल्लक राहतात. विजेचा धक्का बसलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. श्वास किंवा नाडी थांबली असेल तर क्षणाचाही विलंब न करता छातीवर दाब देणे सुरू करावे लागते. आपल्यापैकी कोणाला ते येत नसेल तर डोंगर असो वा नसो, ते शिकून घ्यावे.

हवामानाच्या बातमीत ‘यलो अलर्ट’ दिसला की लोक एकतर बेत सोडतात किंवा तिकडे दुर्लक्ष करतात. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे तातडीने पावले उचला. पुणे जिल्ह्याला मेघगर्जनेसह पावसाचा पिवळा इशारा असेल तर पहाटेची लहान फेरी करता येते, पूर्ण धार नाही. नारिंगी किंवा लाल असेल तर घरी राहावे. शिवाजीनगरच्या ज्या वेधशाळेला जुने पुणेकर ‘सिमला ऑफिस’ म्हणतात (हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून येथे हलले, म्हणून हे नाव), तेथून निघणारा अंदाज आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा पहाटे वाचावा. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे अ‍ॅप मोबाइलमध्ये घ्यावे. आपल्या ठिकाणापासून २० आणि ४० किलोमीटरच्या टापूत विजा होत आहेत का, ते त्यात दिसते. मात्र खिंडींमध्ये काही ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, म्हणून अ‍ॅपवर विसंबून आभाळाकडे पाहणे सोडू नये. दक्षिणेकडे किंवा नैर्ऋत्येकडे फुलकोबीसारखे फुगत जाणारे ढग अकराच्या आधीच दिसू लागले, तर त्या दिवशीची दुपार कशी जाणार हे समजून जावे.

आता आपल्या मूळ बेताविषयी. त्या रविवारी पूर्ण धार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सिंहगड नियमित चढणाऱ्या पण सलग सात-आठ तास न चाललेल्या कुटुंबाला ही वाट दिवसा आठ-नऊ तास घेईल. पुण्यात जूनच्या आरंभी सहाच्या सुमारास सूर्योदय होतो. साडेपाचला झुंजुमुंजू असताना चढायला लागलात तरी शेवटच्या टेकड्या एक ते अडीचच्या दरम्यान येतात, म्हणजे उन्हाचा कडाका आणि वळवाची वेळ दोन्ही गाठली जातात. त्याऐवजी साडेपाचला जुन्या बोगद्यापासून निघून तीन किंवा चार टेकड्या कराव्यात. आठ-साडेआठला जेथे असाल तेथे बसून न्याहारी करावी आणि त्याच वाटेने परत फिरून अकराच्या आत खाली यावे. धनकवडीहून बोगदा जवळ असल्याने पहाटे रिक्षाने जाता येईल. हा अर्धा बेत म्हणून मनाला लावून घेऊ नये. परतीच्या प्रवासात तुमच्या गुडघ्यांबद्दल, बुटांबद्दल आणि एकमेकांच्या चालीबद्दल जे कळेल त्यावरच पूर्ण धारेचा निर्णय घेता येईल. पूर्ण धार पावसाळा ओसरल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारीत, पहाटे निघून करावी. तेव्हा शेवटी धार जेथे सिंहगडाच्या घाटरस्त्याला मिळते तेथून गडावर जाऊन पिठले-भाकरी खाता येईल आणि गडाच्या पायथ्याहून स्वारगेटकडे येणारी पीएमपीची बस धरता येईल. पावसाळ्यात मात्र त्या घाटरस्त्यावर दरडी येतात आणि रस्ता कधी कधी बंदही ठेवतात. अलीकडे जिल्हा प्रशासन पर्यटनस्थळांवर पावसाळी निर्बंधही घालते, तेव्हा तेही आधी पाहून घ्यावे.

यजमान हट्टालाच पेटले आणि पूर्ण धारच करायची ठरली, तर एक वेळ ठरवून घ्यावी आणि ती कोणत्याही कारणाने बदलू नये. अकरा वाजता जेथे असाल तेथून पुढच्या, उतरती वाट असलेल्या खिंडीत धार सोडायची, मनोरा कितीही जवळ दिसत असला तरी. ‘अजून दोनच टेकड्या राहिल्यात’ हे वाक्य त्या दिवसापुरते घरात बंद करून जावे.

भावाच्या नकाशाविषयी आणखी एक गोष्ट. धार चढताना चुकत नाही, उतरताना चुकते, कारण चढताना सगळ्या सोंडा माथ्याकडे एकत्र येतात आणि उतरताना त्याच माथ्यावरून चहूकडे फाकतात. आपली सोंड कोणती हे ढगात शिरल्यावर ओळखू येत नाही, आणि गुरांच्या पायांनी पडलेल्या ढोरवाटा तर माणसांच्या वाटेपेक्षाही ठसठशीत दिसतात व निवांतपणे डोंगराच्या पदरातल्या, म्हणजे माथ्याखालच्या सपाटीवरच्या, झाडीत नेऊन सोडतात. यावर सवय अशी लावावी की प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर थांबायचे, पुढची खिंड डोळ्यांनी पाहायची आणि मगच उतरायला लागायचे. ढगामुळे ती दिसत नसेल तर मोबाइलमधली रेघ पाहावी, पन्नास पावले चालून पुन्हा पाहावी आणि ताळा जुळला नाही तर त्या पन्नास पावलांवरच परत यावे. जूनच्या आरंभी गवत अजून वाढलेले नसते, उन्हाळ्यात वणव्याने काही उतार काळे पडलेले असतात, त्यामुळे वाट चांगली दिसते, ही या दिवसांची जमेची बाजू. ऑगस्टमध्ये कमरेएवढ्या गवतात तीच वाट शोधावी लागते.

नुसता पाऊस, गडगडाटाविना, लागला तर घाबरण्याचे कारण नाही, पण चाल बदलावी. लोक शेवाळाला भितात, शेवाळ धरायला अजून काही आठवडे असतात. पहिल्या सरीला घात करतो तो घट्ट मुरमावर साचलेला उन्हाळ्याचा फुफाटा, जो ओला होताच साबणासारखा होतो, आणि त्यावर पसरलेले बारीक खडे. उतरताना पाऊल लहान टाकावे, टाच आपटत उतरण्याऐवजी पूर्ण तळवा टेकवावा, एकामागोमाग न चालता थोडे तिरके अंतर ठेवावे म्हणजे वरच्याच्या पायाने सुटलेला दगड खालच्याच्या घोट्यावर येत नाही. बुटांचा तळ झिजला असेल तर गेल्या हिवाळ्यातले बूट किती महाग होते याचा विचार न करता ते बदलावेत. घरातल्या घरात आणि कॉलनीच्या रस्त्यावर आठवडाभर घालून मगच नवे बूट डोंगरावर न्यावेत. मोठी घोळदार पॉन्चो धारेवरच्या वाऱ्यात शिडासारखी फुगते व पायात येते, तेव्हा अंगाबरोबर बसणारे हलके विंडचीटर बरे. छत्रीचा तर विचारच नको. जीन्स घालू नये, भिजल्यावर ती वाळत नाही. आणि भिजलेल्या अंगावर वारा लागला की जूनमध्येही हुडहुडी भरते, म्हणून प्रत्येकाचा एक कोरडा सदरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्यावा. मुलगी मोठ्यांपेक्षा लवकर गारठेल आणि ‘मी ठीक आहे’ असेच म्हणत राहील, हे लक्षात असू द्यावे.

पाणी अर्ध्या फेरीला माणशी दोन लिटर, पूर्ण धारेला चार. हे ओझे जड वाटते आणि तेवढेच ते आवश्यक आहे. नुसते पाणी पीत राहून मीठ गमावू नये, म्हणून ओआरएसची पाकिटे किंवा लिंबू-मीठ-साखर जवळ असावी. खायला गूळ-शेंगदाणे, थालीपीठ, खजूर. करवंदे अजून जाळ्यांवर असतील. पहिला पाऊस पडला की त्यांत अळी होते असे गावाकडचे लोक म्हणतात, तेव्हा तोडून आत पाहून खावीत. आग्या मोहोळाच्या माश्यांमुळे सुगंधी अत्तरे आणि धूर दोन्ही टाळावेत. पहिल्या पावसानंतर साप बाहेर पडतात, दगडाच्या कपारीत न पाहता हात घालू नये.

चौघांत निर्णय कोणाचा, हे निघण्यापूर्वी ठरवावे. माझा संकेत असा असतो की ‘परत’ हा शब्द कोणीही एकाने उच्चारला की परत, कारण विचारायचे नाही, चेष्टा करायची नाही. विशेषतः आपल्या मुलीला हा अधिकार वडिलांइतकाच आहे हे तिच्यासमोर बोलून दाखवावे. सर्वांत मागे नेहमी भावाने किंवा यजमानांनी चालावे, आणि पुढे चालणाऱ्याने मुलीच्या चालीने चालावे, स्वतःच्या नव्हे.

राहता राहिले आपले सासरे. त्यांना हसून मागे ठेवून जाण्याऐवजी एक काम त्यांच्यावर सोपवावे. कागदावर निघण्याची वेळ, कोणत्या टेकडीपर्यंत जाणार, उतरायच्या वाटा कोणत्या गावांकडे आहेत, चौघांचे मोबाइल क्रमांक आणि खाली पोहोचल्याचा फोन किती वाजेपर्यंत येईल, हे लिहून तो कागद त्यांच्याकडे द्यावा. ‘दामिनी’ त्यांच्याही मोबाइलमध्ये घालून द्यावे, कारण शहरातून त्यांना रेंजही मिळेल आणि गॅलरीतून धारेवरचे आभाळही दिसेल. कागदावर ठरलेल्या वेळेपेक्षा दोन तास उलटले आणि कोणाचाही फोन लागला नाही, तर त्यांनी ११२ वर कळवावे. महाराष्ट्रातील गिर्यारोहकांचे डोंगरातील शोध आणि बचावासाठी जे समन्वय केंद्र आहे, त्याचा मदत क्रमांकही आधी मिळवून त्याच कागदावर खाली लिहून ठेवावा. आणि खाली बोगद्याशी पोहोचलात की पहिला फोन त्यांना करावा, चहा त्यानंतर.